गाडीचा पिवळा दिवा लागला : आधी निदान, मग खर्च



आपल्या जिल्ह्यात आज गुळाचे रवे शाहू मार्केट यार्डात न्यायचे असोत, भाजीपाला बाजारात पोचवायचा असो, की रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असो, घरची पिकअप, जीप किंवा मोटार हाच आधार झाला आहे. ही गाडी ऐन हंगामात अडली, तर दुरुस्तीचा खर्च होतोच. शिवाय माल पडून राहतो, सौदा चुकतो, भाड्याची गाडी करावी लागते ते वेगळेच. पीक संरक्षणाइतकेच गाडीचे संरक्षणही म्हणूनच आता शेतीच्या हिशेबात धरावे लागते.

अलीकडच्या गाड्यांत समोरच्या फळ्यावर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. हा दिवा चालू गाडीत लागला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण "चालतंय की" म्हणून महिनोन्‌महिने तशीच गाडी दामटतात. काही जण घाबरून गॅरेजला नेतात आणि मेस्त्री सांगेल तो पार्ट बदलत सुटतात. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. त्यातून गाडीला बाहेरचा फिल्टर, गॅस किट, मोठा हॉर्न, जादा दिवे असे काही बसवलेले असेल, तर निदान आणखी अवघड होते. ते कसे करावे, याची माहिती या पत्रकात दिली आहे.

दिवा म्हणजे काय?

जुन्या डिझेल इंजिनात पंप, नोझल आणि हवा एवढाच कारभार होता. कान लावून मेस्त्री दोष सांगत असे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑईल इंजिने घडवणाऱ्या कारागिरांची हीच विद्या होती. आता इंजिनाचा कारभार एका छोट्या संगणकाकडे आहे. इंजिनात हवा किती आली, पाणी किती तापले, डिझेलचा दाब किती, धुरात प्राणवायू किती उरला, हे मोजायला ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. त्यांच्याकडून आलेले आकडे पाहून संगणक इंधन सोडतो. आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले, की तो त्या दोषाचा एक क्रमांक आपल्या स्मरणात लिहून ठेवतो आणि दिवा लावतो. या क्रमांकालाच कोड म्हणतात.

देशभर १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे नियम लागू झाले. त्यामुळे या काळातल्या गाड्यांत ही व्यवस्था आहेच. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही २०२३ पासून कडक नियम लागू झाल्याने त्यांतही असे संगणकी इंजिन आले आहे. त्याहून लहान ट्रॅक्टरांत बहुधा जुन्या पद्धतीचा पंपच असतो. त्यांना हे पत्रक लागू नाही.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. उसाचे पान पिवळे पडले म्हणजे लगेच युरिया टाकायचा, असे आपण करीत नाही. नत्र कमी असेल, लोह कमी असेल, मुळाशी हुमणी लागली असेल, नाहीतर पाणी साचले असेल. पान पिवळे हे लक्षण झाले, रोग नव्हे. कोडचेही तसेच आहे. कोड कोठे पाहायचे ते सांगतो. कोणता पार्ट बदला हे सांगत नाही. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सरच खराब, असे समजू नये. पुष्कळदा सेन्सर खरे बोलत असतो आणि दोष दुसरीकडेच असतो.

दिव्याचा रंग आणि वागणूक

चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल, तर दिवा बंद केलेला किंवा बिघडलेला समजावा. जुनी गाडी विकत घेताना ही परीक्षा अवश्य करा. दोष झाकण्यासाठी दिवाच काढून टाकलेली गाडी गळ्यात पडू शकते.

१. पिवळा दिवा स्थिर लागला, गाडी नेहमीसारखी ओढते, आवाज-वास-धूर बदललेला नाही : बेताने चालवून काम उरका, दोन-चार दिवसांत तपासून घ्या.

२. पेट्रोल किंवा गॅसवरच्या गाडीत दिवा उघडझाप करतो, गाडी मिसिंग करते : वेग आणि भार लगेच कमी करा, सुरक्षित जागी थांबा. न जळलेले इंधन सायलेन्सरकडे जाते आणि तेथील कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा डबा, तापून लाल होतो. तो वितळला तर मोठा भुर्दंड बसतो.

३. दिवा लागला आणि गाडी एकदम ओढेनाशी झाली : इंजिन वाचवण्यासाठी संगणकाने ताकद मुद्दाम कमी केलेली असते. आंबा घाट किंवा गगनबावड्याच्या घाटात भरल्या गाडीला असे झाले, तर रेटारेटी करू नका. कडेला घ्या, चाकाला दगड लावा, थोडा वेळ बंद ठेवा.

४. ऑईलच्या बुधलीचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला : तत्काळ इंजिन बंद. "पुढच्या गावापर्यंत" हा विचार नको. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका, वाफेने तोंड भाजते.

डिझेल गाडीत वेटोळ्या तारेच्या आकाराचा दिवा असतो, तो हीटरचा. सुरू करण्यापूर्वी तो थोडा वेळ लागणे योग्यच आहे.

पाचटावर गाडी उभी करू नका

हा इशारा उसाच्या फडात गाडी नेणाऱ्यांसाठी आहे. मिसिंग करणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तापतो. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डबा असतो. तो साचलेली काजळी अधूनमधून जाळून टाकतो, तेव्हाही सायलेन्सर फार तापतो. अशी गाडी वाळलेल्या पाचटावर किंवा गवतावर उभी केली, तर खालून आग लागू शकते. त्यात गाडी जाईल आणि शेजारचा उभा फडही जाईल. दिवा लागलेली गाडी फडात नेऊच नका. ज्यांची गाडी ठीक आहे त्यांनीही ती मोकळ्या मातीवर उभी करावी, आणि खाली अडकलेले पाचट वेळच्या वेळी काढावे.

बाहेरचा पार्ट म्हणजे वाईटच का?

नाही. आपल्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फौंड्र्यांत ओतलेले भाग मोठमोठ्या इंजिन आणि वाहन कारखान्यांत जातात. पार्ट कोठे तयार झाला यापेक्षा तो त्या गाडीच्या मापाचा आणि दर्जाचा आहे का, हे महत्त्वाचे. निदानासाठी चार प्रकार वेगळे धरा : गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला माल, नामांकित पार्ट कंपनीचा त्याच मापाचा माल, नाव आणि खोके नक्कल केलेला डुप्लिकेट माल, आणि चौथा म्हणजे गाडीत मुळात नसलेली वस्तू – गॅस किट, रुंद सायलेन्सर, ताकद वाढवणारी चिप, जादा दिवे, हॉर्न, टेप. पहिल्या दोन प्रकारांत सहसा तक्रार येत नाही. दिवा लागण्याची कारणे बहुधा शेवटच्या दोन प्रकारांत सापडतात.

नेहमी आढळणारी कारणे अशी :

(अ) एअर फिल्टर : तेल लावलेल्या कापडी फिल्टरचे जादा तेल हवेबरोबर आत जाते आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक तारेवर बसते. सेन्सर हवा कमी मोजतो. डुप्लिकेट फिल्टर नीट बसत नसेल तर कडेने धूळ आत जाते. फिल्टर बदलताना नळीची क्लिप सैल राहिली तरीही कोड येतो.

(आ) डिझेल फिल्टर : नव्या इंजिनात डिझेलचा दाब फार मोठा असतो. हलक्या फिल्टरमधून पाणी किंवा घाण पुढे गेली तर पंप आणि नोझल दोन्ही निकामी होतात. हजार रुपये वाचवायला जाऊन लाखाच्या घरात खर्च जाऊ शकतो. येथे काटकसर नको.

(इ) जादा दिवे, हॉर्न, टेप : मूळ वायर सोलून तिला पीळ देऊन जोड काढला, अर्थ कोठेही मारला, की सेन्सरचे व्होल्टेज ढळते. पावसाळ्यात हे जोड गंजतात. असे जोड फ्यूज आणि रिले घालून थेट बॅटरीवरून, वेगळ्या वायरने घ्यावेत.

(ई) गॅस किट : जुळवणी बरोबर नसेल तर मिश्रण पातळ किंवा घट्ट होते. किटची नोंद आर.टी.ओ. कडे गाडीच्या नोंदणीपत्रावर करून घेणे बंधनकारक आहे.

(उ) सायलेन्सर बदलणे, कन्व्हर्टर काढणे : धुरातला सेन्सर लगेच तक्रार करतो. कन्व्हर्टर काढणे कायद्यालाही धरून नाही आणि वॉरंटीही जाते.

(ऊ) थर्मोस्टॅट काढणे : "गाडी तापते, काढून टाका" हा जुना सल्ला नव्या इंजिनाला घातक आहे. इंजिन पुरेसे तापत नाही, संगणक जादा इंधन देत राहतो, अ‍ॅव्हरेज घटते आणि दिवा लागतो.

निदानाचा क्रम

पुढील क्रम सोडू नका. निम्मे काम घरी, विनाखर्च होते.

पायरी १ – आठवा. दिवा लागण्यापूर्वीच्या महिनाभरात गाडीत काय बदलले? फिल्टर, बॅटरी, हॉर्न, वॉशिंग, डिझेलचा पंप? दिवा थंड इंजिनात लागला की तापल्यावर, भरल्या गाडीत की रिकाम्या? हे कागदावर लिहा.

पायरी २ – बघा. इंजिन थंड आणि बंद असताना बोनेट उघडा. हवेच्या आणि टर्बोच्या नळ्या हाताने हलवून पाहा. क्लिप सुटली की काळा धूर येतो आणि गाडी ओढत नाही. वायर उंदरांनी कुरतडली आहे का पाहा. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठाराजवळ गाडी उभी राहत असेल तर हे फार आढळते. बॅटरीची टोके घट्ट आणि स्वच्छ आहेत का? चांगली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना सर्वसाधारणपणे १३.५ ते १४.५ व्होल्ट असावे.

पायरी ३ – कोड वाचा. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली १६ टाचण्यांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर लावला की कोड दिसतो. मोबाईलला जोडणारा साधा स्कॅनर फार महाग नाही. चार-पाच जणांत मिळून किंवा गटातर्फे एक घेतला तरी चालेल. कोड आल्याबरोबर लिहून घ्या किंवा फोटो काढा. दिवा लागला त्या क्षणी वेग, तापमान, भार किती होता, हेही संगणक राखून ठेवतो, तेही लिहा. तोपर्यंत बॅटरीची वायर काढू नका. वायर काढली तर दिवा विझतो, पण पुरावाही पुसला जातो. माती परीक्षणाआधीच खत टाकल्यासारखे ते होते.

पायरी ४ – बाहेरचा पार्ट आधी तपासा. नवीन काही विकत घेण्यापूर्वी नुकता बदललेला पार्ट काढून जुना परत लावा. जोडलेली वस्तू सोडवून पाहा. त्यासाठीच सांगणे आहे, की बदललेला जुना पार्ट गॅरेजमध्ये सोडू नका, घरी आणा.

पायरी ५ – कोड पुसा आणि चालवून पाहा. थंड इंजिनापासून सुरू करून चांगले तापेपर्यंत, असे दोन-तीन दिवस चालवा. पुष्कळ दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्यावरच दिवा लागतो; त्यामुळे पाच मिनिटांत "झाले दुरुस्त" म्हणू नये. तोच कोड परत आला तर पुढची तपासणी. आला नाही तर दोष सापडला.

पायरी ६ – मगच सेन्सर मोजा. वायर, नळी, अर्थ, फ्यूज निर्दोष असतील, तरच सेन्सरकडे वळावे, आणि तोही मोजून बदलावा.

नेहमीचे कोड आणि पहिली तपासणी

पी ०१०१ – हवेचे माप जुळत नाही. फिल्टर, त्याची बसणी, नळीच्या क्लिपा पाहा. हवेचा सेन्सर फक्त त्यासाठीच्या स्प्रेने साफ करावा. फडके किंवा ब्रश लावू नये.

पी ०१७१ – मिश्रणात इंधन कमी. गॅस किट असल्यास काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर दोष गेला तर किटची जुळवणी करून घ्या. दोन्हीवर राहिला तर हवेची गळती शोधा.

पी ०३०० – मिसिंग. पी ०३०१ म्हणजे १ नंबरच्या सिलिंडरचे मिसिंग, ०३०२ म्हणजे २ नंबरचे. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असेल तर इंजिन बंद करून १ ची कॉईल २ वर लावून पाहावी. कोड ०३०२ झाला तर कॉईल खराब. ०३०१ च राहिला तर प्लग किंवा नोझल पाहावे.

पी ०४२० – कन्व्हर्टरचे काम कमी. सायलेन्सर बदलला आहे का, सांध्यातून धूर गळतो का, डुप्लिकेट सेन्सर लावला आहे का, हे आधी पाहा. कन्व्हर्टर बदलणे हा शेवटचा उपाय.

पी ०४०१ – ईजीआर मार्गातून धूर फिरत नाही. काजळी साचलेली असते किंवा कोणी तो मार्ग पत्री लावून बंद केलेला असतो. साफ करा, पत्री काढा.

पी ००८७ – डिझेलचा दाब कमी. डिझेल फिल्टर, त्यातील पाणी, नळीतून हवा शिरणे हे आधी पाहा. पंपाचे नाव सर्वांत शेवटी घ्यावे.

पी ०१२८ – इंजिन पुरेसे तापत नाही. थर्मोस्टॅट काढला आहे का ते विचारा.

पी ०५६२ – व्होल्टेज कमी. जादा दिवे-हॉर्न, बॅटरी, अर्थ आणि पट्टा तपासा.

समजा, एका पिकअपला तेलाचा कापडी फिल्टर आणि चार जादा दिवे एकाच आठवड्यात बसवले आणि दिवा लागला. कोड आला पी ०१०१. गॅरेजवाला म्हणतो, हवेचा सेन्सर गेला, काही हजार लागतील. तेव्हा आपण काय करावे? आधी जुना फिल्टर परत लावावा, सेन्सर स्प्रेने साफ करावा, कोड पुसून तीन दिवस चालवावे. कोड परत आला, तर जादा दिव्यांची जोडणी सोडवून पुन्हा तीन दिवस. तरीही आला, तर वायर मोजून मग सेन्सर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. वाण आणि खत एकदम बदलले तर उत्पन्न कशाने वाढले ते सांगता येत नाही, तसेच हे.

विचारले जाणारे काही प्रश्न

प्रश्न : निळ्या झाकणाच्या टाकीत युरियाचे पाणी लागते. मग घरचा युरिया पाण्यात घालून चालेल का?
उत्तर : मुळीच नाही. त्या द्रवात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि क्षार काढलेले पाणी असते. शेतीच्या युरियाला २०१५ पासून सक्तीने निंबोळी तेलाचे आवरण असते आणि त्यात इतर घटकही असतात. त्याने नोझल आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा बुजते. शिवाय अनुदानित युरिया शेतीखेरीज अन्यत्र वापरणे हा गुन्हा आहे.

प्रश्न : नवी डिझेल गाडी गावातल्या गावात फिरते आणि वारंवार दिवा लागतो. का?
उत्तर : कमी अंतराच्या, कमी वेगाच्या फेऱ्यांत काजळीचा डबा स्वतःला साफ करू शकत नाही. आठवड्यातून एकदा पुणे-बंगळूर महामार्गावर एकसारख्या वेगाने १५-२० मिनिटे, गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे, चालवावी. अशा गाडीला पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचेच इंजिन ऑईल घालावे. दुसऱ्या प्रतीच्या ऑईलच्या राखेने डबा लवकर भरतो.

प्रश्न : पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर?
उत्तर : पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुष्कळ गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी चावी फिरवून "बघूया" म्हणून सुरू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढावी, फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी ओढून न्यावी. या एकाच प्रसंगी बॅटरीची वायर आधी काढायची.

प्रश्न : प्रेशरने इंजिन धुतल्यावर दिवा लागला.
उत्तर : सेन्सरच्या जोडात पाणी गेले असेल. वाळू द्यावे. पुढच्या वेळी इंजिनावर जोराचा फवारा मारू देऊ नये.

खरेदी करताना

पक्के बिल घ्या. त्यावर पार्टचा क्रमांक लिहून घ्या. जुन्या पार्टवरचा क्रमांक जुळतो का पाहा. भाव फारच कमी असेल, खोक्याची छपाई फिकी असेल, कंपनीच्या नावाच्या अक्षरात फरक असेल तर घेऊ नका. वॉरंटीतली गाडी असेल तर बाहेर काहीही जोडण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचा. आणि गाडीत एक वही ठेवा : तारीख, किलोमीटर, काय बदलले, कोणता कोड आला. पीक नोंदीइतकीच ही नोंद उपयोगी पडते. चांगला मेस्त्रीसुद्धा ती वही पाहून निम्म्या वेळात दोष काढतो.

थोडक्यात, दिवा लागला की रंग आणि वागणूक पाहा, काय बदलले ते आठवा, कोड लिहून घ्या, बाहेरचा पार्ट आधी सोडवून पाहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आता ऊसतोडणीचा हंगाम येण्यापूर्वी एक दिवस काढून नळ्या, बॅटरी आणि वायरींची तपासणी करून घ्यावी. हे पत्रक गाडीतच ठेवावे, आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही वाचायला द्यावे.